गुपित वेगळे, खोटे वेगळे



दुसऱ्याच्या घरातले दुखणे चव्हाट्यावर आणू नये, असे आपण मुलांना शिकवतो. पण ज्याच्या हाती सारा देश सोपवला आहे, त्याच्या दुखण्याचे काय? ते त्याचे एकट्याचे की सर्वांचे?

फ्रान्समध्ये हा प्रश्न फार तीव्रतेने उभा राहिला. १९७४ साली तेथील राष्ट्राध्यक्ष जॉर्ज पाँपिदू पदावर असतानाच मरण पावले. त्यांचा गंभीर आजार जनतेपासून लपवण्यात आला होता. पुढे १९८१ साली निवडून आलेल्या फ्रान्स्वा मित्तराँ यांनी दर सहा महिन्यांनी आपल्या प्रकृतीचे पत्रक काढण्याचे वचन दिले. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग असल्याचे कळले. पत्रके निघत राहिली, पण त्यांत कर्करोगाचे नाव नसे. १९८८ साली ते पुन्हा निवडून आले, तेव्हा मत देणाऱ्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. १९९२ च्या शस्त्रक्रियेनंतरच आजार जाहीर झाला.

त्यांचे आणखी एक गुपित होते. विवाहाबाहेर त्यांना एक मुलगी होती आणि १९९४ पर्यंत जनतेला तिची माहिती नव्हती. त्या लेकराचा काय दोष? तिला लोकांच्या नजरेपासून दूर ठेवणे समजण्यासारखे आहे. पण अशी गुपिते फुटू नयेत म्हणूनही राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातील एका पथकाने पत्रकारांचे व लेखकांचे दूरध्वनी चोरून ऐकले. २००५ साली न्यायालयाने त्या प्रकरणात अधिकाऱ्यांना दोषी ठरवले. एकाचा खासगीपणा जपण्यासाठी अनेकांचा मोडला गेला.

आठवी आज्ञा आपल्याला खोटी साक्ष देऊ नको असे सांगते. त्याच आज्ञेचे विवरण करताना ख्रिस्तसभा हेही शिकवते, की ज्याला सत्य जाणण्याचा अधिकार नाही, त्याला ते सांगण्यास कोणी बांधील नाही. म्हणजे गप्प राहणे वेगळे आणि खोटे बोलणे वेगळे. प्रश्न उरतो तो अधिकाराचा. एसटीच्या चालकाचे घरी भांडण झाले, तर ते प्रवाशांनी विचारू नये. पण त्याची दृष्टी अधू होत असेल, तर ते कळण्याचा हक्क प्रवाशांना आहे, कारण त्यांचा जीव त्याच्या हाती आहे. राष्ट्रप्रमुखालाही हीच कसोटी लावावी असे आम्हाला वाटते. सोपवलेल्या कामावर ज्याचा परिणाम होतो, ते सांगावे. बाकीचे त्याचे त्याच्यापाशी राहू द्यावे.

मित्तराँ यांचा कारभार आजारपणातही बरीच वर्षे नीट चालला, असे कोणी म्हणेल. चालला असेलही. पण तो चालेल की नाही, हे ठरवण्याची संधी मतदारांना मिळालीच नाही. वचन देऊन फसवी पत्रके काढण्यापेक्षा वचनच दिले नसते तर बरे झाले असते.

१९९६ च्या जानेवारीत मित्तराँ वारले. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या डॉक्टरांनी सारे उघड करणारे पुस्तक काढले. रुग्णाचे गुपित फोडल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली. पुस्तकावर बंदी आली. २००४ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने निकाल दिला, की घरच्यांचे दुःख ताजे असताना घातलेली तात्पुरती बंदी योग्य होती, पण ती कायम ठेवणे योग्य नव्हते. आम्हाला या निकालात मोठे शहाणपण दिसते. शोकालाही मान मिळाला आणि सत्यालाही.

पोप महोदय हे व्हॅटिकन राज्याचेही प्रमुख असतात. २०२५ साली पोप फ्रान्सिस ३८ दिवस रुग्णालयात होते. प्रकृती चिंताजनक असल्याचे जगाला स्पष्ट सांगितले गेले. मात्र रुग्णशय्येवरचे छायाचित्र दिले गेले नाही. महिनाभराने एक आले, तेही प्रार्थनालयात पाठमोरे बसलेले. काम कोण करू शकतो हे कळले आणि आजारी माणसाची आबही राहिली.

आपल्यापैकी कोणी राष्ट्रप्रमुख होणार नाही. पण पतपेढीत, ग्रामपंचायतीत, धर्मग्रामाच्या समितीत आपल्याही हाती लोकांचे काहीतरी सोपवलेले असते. तेथे लोकांनी विचारले, तर आधी पाहू या, की हे त्यांच्या हक्काचे आहे का. असेल तर सरळ सांगू या. नसेल तर नम्रपणे गप्प राहू या. आणि विचारणारे आपण असू, तेव्हाही स्वतःला हाच प्रश्न करू या.