गरजवंताची अक्कल

'गरजवंताला अक्कल नसते' ही म्हण आपण लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलेली असते की, तिच्यात विचार करण्याजोगे काही आहे असे सहसा कोणास वाटत नाही. सावकाराच्या ओटीवर तिष्ठत बसलेले कूळ पाहिले, किंवा कज्जा एकदाचा मिटावा म्हणून पुढे येईल त्या कागदावर सही करणारा पक्षकार पाहिला, म्हणजे ही म्हण आपल्या तोंडून निघते. तीत थोडी कीव असते, थोडी तुच्छता असते, आणि आपण स्वतः त्या जागी नाही याचे थोडे समाधानही असते. परंतु कीव केल्याने म्हणीच्या खरेखोटेपणाचा निवाडा होत नाही. गरज माणसाची बुद्धी खरोखरच हरण करते काय, आणि करीत असल्यास ती कोणत्या वाटेने, हा प्रश्न व्यवहाराचा आहे तसाच नीतीचाही आहे. कारण आयुष्यातील महत्त्वाच्या निवडी आपण बहुधा अडचणीत असतानाच करीत असतो. ज्याचे सारे सुरळीत चालले आहे, त्याला निवड करण्याची निकड कसली?

या प्रश्नाची परीक्षा पाहण्यास एक सोयीचे स्थळ आहे. आणि ते तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात नसून खेळाच्या क्षेत्रात आहे. अमेरिकेत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात तो आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून अगदी निराळा. चेंडू लांबट, तो हाती घेऊन धावावयाचा अथवा फेकावयाचा, आणि प्रतिपक्षाने धावणाऱ्यास अंगाला अंग भिडवून खाली पाडावयाचे. प्रत्येक बाजूस अकरा गडी. परंतु प्रत्येकाचे काम इतके ठरलेले की एकाची जागा दुसऱ्याने घेणे जवळजवळ अशक्य. चेंडू फेकून सारा डाव चालविणारा तो क्वार्टरबॅक. त्याच्यापुढे भिंतीसारखे उभे राहून प्रतिपक्षाचा लोंढा थोपविणारे पाच धिप्पाड गडी असतात. आणि लांब धावत जाऊन फेकलेला चेंडू झेलणारे चपळ गडी आणखी वेगळे. या खेळाच्या राष्ट्रीय संघटनेत आज बत्तीस संघ आहेत. दरवर्षी वसंत ऋतूत ते महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची सात फेऱ्यांत वाटणी करून घेतात. या वाटणीस 'ड्राफ्ट' म्हणतात. तिचा नियम असा की, जो संघ गेल्या हंगामात सर्वांच्या शेवटी राहिला त्याने सर्वांच्या आधी निवड करावी, आणि विजेत्याने सर्वांच्या शेवटी.

हा नियम सुचविणारा गृहस्थ स्वतःच गरजवंत होता. बर्ट बेल हा फिलाडेल्फियाच्या संघाचा मालक. नावाजलेले खेळाडू श्रीमंत व विजयी संघांकडे जात आणि दुबळे संघ अधिकच दुबळे होत, हे पाहून त्याने १९३५ साली ही योजना मांडली. त्याच वर्षी त्याचा संघ अकरा सामन्यांपैकी नऊ हरला. फेब्रुवारी १९३६ मध्ये फिलाडेल्फियातच पहिला ड्राफ्ट झाला, आणि पहिल्या निवडीचा मान अर्थातच बेलच्या संघाला मिळाला. त्याने शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर हा त्या काळचा सर्वांत नामांकित खेळाडू निवडला. मागितलेला मोबदला फिलाडेल्फियाला परवडेना, म्हणून त्याच्यावरील हक्क शिकागोच्या संघाला देण्यात आला. तेथेही सौदा जमला नाही, आणि बरवँगर व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळला नाही. पुढील हंगामात फिलाडेल्फियाने बारांपैकी एकच सामना जिंकला. नियमाने दुबळ्याच्या हाती पहिला घास दिला. तो पचविण्याची शक्ती देणे नियमाच्या हाती नव्हते.

ड्राफ्टच्या आधी काही आठवडे प्रत्येक पडलेल्या संघाच्या दारी एकच काम चाललेले असते: आपल्या उणिवांची यादी करणे. या यादीवरून दोन मते निघतात. एक पक्ष म्हणतो, घरात जे नाही ते आणावे. क्वार्टरबॅक नसेल तर क्वार्टरबॅक, भिंत ढासळली असेल तर भिंतीचे गडी. दुसरा पक्ष म्हणतो, गरज बाजूस ठेवावी आणि उरलेल्यांत जो सर्वांत गुणवान त्याला घ्यावे; गुण कधी वाया जात नाही. दोन्ही मते पोक्त माणसांची आहेत, आणि दोहोंच्या बाजूने व विरुद्ध इतिहासाने भरपूर साक्ष ठेवलेली आहे.

गरजेच्या मताविरुद्ध सर्वांत प्रसिद्ध साक्ष बास्केटबॉल या शेजारच्या खेळातील आहे. तेथेही अशीच वाटणी होते. १९८४ साली पोर्टलंडच्या संघाला दुसरी निवड मिळाली. त्याच्याजवळ क्लाइड ड्रेक्सलर हा चपळ तरुण आदल्याच वर्षी आलेला होता. तेव्हा त्याच जागेवरचा दुसरा गडी कशास हवा, आपणांस उंच गडी हवा, असा हिशेब करून त्याने सॅम बोवी यास घेतले. बोवीची कारकीर्द पायाच्या दुखापतींनी ग्रासली. पोर्टलंडने सोडलेला मायकेल जॉर्डन तिसऱ्या निवडीत शिकागोने उचलला आणि पुढे त्याने शिकागोला सहा अजिंक्यपदे मिळवून दिली. पोर्टलंडचा हिशेब चुकला होता असे म्हणता येत नाही. हिशेब बरोबर होता. मात्र तो आजच्या घराचा होता, आणि निवड होती पुढल्या पंधरा वर्षांची.

मग गुणाचे मत निर्दोष म्हणावे काय? त्याचे उत्तर डेट्रॉइटने दिले आहे. २००३ ते २००७ या पाच वर्षांत डेट्रॉइट लायन्स या संघाने आपली पहिली निवड चार वेळा चेंडू झेलणाऱ्या गड्यावर खर्च केली. प्रत्येक तरुण त्या वेळी नावाजलेला होता. त्यांतील शेवटचा, कॅल्व्हिन जॉन्सन, हा तर त्या पिढीच्या अग्रगण्य खेळाडूंपैकी एक ठरला. तरीही २००८ च्या हंगामात हा संघ सोळाच्या सोळा सामने हरला. सोळा सामन्यांच्या हंगामात असा पराभव तोपर्यंत कोणाच्याच वाट्याला आला नव्हता. झेलणारे उत्तम, पण त्यांच्यापर्यंत चेंडू पोहोचविणारा हात आणि त्या हाताला उसंत देणारी भिंत असल्यावाचून उत्तम झेलणाऱ्याने काय झेलावे?

अशा रीतीने दोन्ही मते पुरी पडत नाहीत, आणि याचे कारण शोधू गेल्यास आपण मूळ म्हणीपाशी येऊन पोहोचतो. गरजवंताच्या बुद्धीला जे भ्रम होतात त्यांतील पहिला असा की, जेथे दुखते तेथेच रोग आहे असे त्याला वाटते. शेवटचा सामना ज्याच्या हातून गेला त्याच्या जागी दुसरा आणला म्हणजे झाले, असे तो मानतो. दुसरा भ्रम काळाचा. त्याला उपाय आज हवा असतो, आणि निवडलेला तरुण तर उद्या उपयोगी पडणारा असतो. २००० साली न्यू इंग्लंडच्या संघाजवळ ड्र्यू ब्लेडसो हा नामवंत क्वार्टरबॅक होता. तरीही सहाव्या फेरीत, १९९ व्या निवडीत, त्याने टॉम ब्रेडी नावाचा आणखी एक क्वार्टरबॅक घेऊन ठेवला. सप्टेंबर २००१ मध्ये ब्लेडसो जबर जखमी झाला, ब्रेडी त्याच्या जागी उभा राहिला, आणि तो हंगाम संपला तेव्हा संघ अजिंक्य ठरला होता. हे सारे आधी दिसले होते असा दावा कोणी करू नये. ज्याला सर्वांनी १९८ वेळा डावलले त्याची थोरवी कोणालाच दिसलेली नव्हती. परंतु तहान लागण्यापूर्वी खणलेली विहीर लहान असली तरी पाणी देते, एवढे त्यावरून घ्यावयास हरकत नाही.

तिसरा भ्रम सर्वांत सूक्ष्म आहे. उणिवांची यादी करणारा आपले स्वतःचे नाव त्या यादीत कधी घालीत नाही. ज्या दृष्टीने मागील चार निवडी चुकल्या तीच दृष्टी पाचवी निवड करावयास बसलेली असते, आणि तिला स्वतःविषयी शंका येत नाही. मॅसी व थेलर या दोन अभ्यासकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखविले की, एकाच जागेसाठी लागोपाठ निवडलेल्या दोन खेळाडूंपैकी आधी निवडलेला सरस निघण्याचा संभव शंभरांत सुमारे बावन्न इतकाच असतो. नाणे उडविले तर पन्नास. म्हणजे एवढ्या पारखीने, एवढ्या खर्चाने माणसाने दैवावर मिळविलेली आघाडी ती दोन पैशांची! तरीही पहिल्या निवडीसाठी संघ भरमसाट किंमत मोजतात, कारण अडलेल्याला अनेक साध्या संधींपेक्षा एका तारणहाराचे स्वप्न अधिक गोड लागते.

या तारणहाराचेच आता थोडे पाहिले पाहिजे. कारण प्रश्नाची नैतिक बाजू तेथे आहे. आतापर्यंत आपण निवडणाऱ्याचे हित पाहिले. निवडल्या जाणाऱ्याचे काय? २००२ साली ह्यूस्टन येथे नवा संघ उभा राहिला आणि त्याला पहिली निवड देण्यात आली. त्याने डेव्हिड कार हा क्वार्टरबॅक घेतला. संघाला नायक हवा होता हे खरेच. परंतु नायकापुढची भिंत उभीच राहिली नव्हती. त्या एका हंगामात कार चेंडू हाती असता ७६ वेळा जमिनीवर आपटला गेला. असा विक्रम त्यापूर्वी झालेला नव्हता. पुढे तो अनेक वर्षे खेळला, पण ज्या आशेने त्याला आणले होते ती फळली नाही, आणि लोकांनी म्हटले की निवड चुकली. मला वाटते, चूक निवडीत होती की नव्हती हे कोणालाही सांगता येणार नाही. कारण त्या तरुणाच्या अंगी काय होते हे दिसून येण्याइतका वेळ तो उभाच राहू शकला नाही.

आपल्या घरांतूनही हे दृश्य अपरिचित नाही. मुलगा हाताबाहेर गेला, आता त्याचे लग्न करून टाकावे, म्हणजे तो ताळ्यावर येईल, असा सल्ला देणारी वडील मंडळी कोणी पाहिली नाहीत? घराची उणीव त्यांनी ओळखलेली असते. पण ती भरून काढण्यासाठी जी मुलगी आणावयाची, तिला हे घर काय देणार हा प्रश्न त्या बैठकीत कोणी विचारीत नाही. आणि घर सावरले नाही म्हणजे दोष तिच्या पायगुणाला! गरजवंत हा नेहमी दयेस पात्र असतो असे आपण समजतो. परंतु गरजवंत निर्दयही होऊ शकतो. ज्याची आपल्याला गरज आहे त्यालाही काही गरज असेल, याचे भान त्याला राहत नाही. आणि माझ्या मते म्हणीतील 'अक्कल' या शब्दाचा खरा अर्थ हे भान हाच आहे.

म्हणून पडलेल्या संघाने ड्राफ्टपूर्वी आपल्या गरजा मोजाव्यात त्या अशा रीतीने: आम्हांस काय हवे, या प्रश्नाच्या शेजारीच, येणाऱ्याला आम्ही काय देऊ शकतो, हा प्रश्न लिहावा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की पहिल्याचे पुष्कळदा बदलते. नायक हवा होता तेथे आधी भिंत हवी असे दिसून येते.

डेट्रॉइटचीच पुढील हकीकत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. सोळा पराभवांनंतर, २००९ मध्ये, त्याने पहिल्या निवडीत मॅथ्यू स्टॅफर्ड हा क्वार्टरबॅक घेतला. स्टॅफर्ड गुणी व सोशिक होता. बारा वर्षे तो तेथे झुंजला, पण अंतिम स्पर्धेतील एकही सामना त्या संघाला जिंकता आला नाही. २०२१ च्या आरंभी, त्याच्याच इच्छेवरून, त्याला लॉस एंजेलिसकडे जाऊ देण्यात आले. मोबदल्यात पुढील काही निवडींचे हक्क आणि लॉस एंजेलिसला नकोसा झालेला जॅरेड गॉफ हा क्वार्टरबॅक मिळाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टॅफर्ड अजिंक्य संघाचा क्वार्टरबॅक झाला. त्याच्यात उणे काही नव्हते हे तेव्हा डेट्रॉइटलाही दिसले असेल. दरम्यान २०२१ च्या ड्राफ्टमध्ये डेट्रॉइटने पहिली निवड केली ती पेने सूएल या भिंतीच्या गड्याची, ज्याचे नाव गुणफलकावर क्वचितच लागते. त्या हंगामात संघाने तीनच सामने जिंकले. पुढल्या हंगामात पहिल्या सातांपैकी सहा हरले. जुनी गरज असती तर तिने एव्हाना सारे मोडून नवा तारणहार शोधला असता. या वेळी कोणी तसे केले नाही. जानेवारी २०२४ मध्ये, बत्तीस वर्षांनंतर, डेट्रॉइटने अंतिम स्पर्धेतील सामना जिंकला, तोही २४ विरुद्ध २३ अशा एका गुणाने. समोर होता स्टॅफर्डचा लॉस एंजेलिस संघ, आणि डेट्रॉइटचा डाव चालवीत होता दुसऱ्याने टाकून दिलेला गॉफ.

यावरून सिद्धांत काढण्याचा मोह आवरला पाहिजे. त्या वर्षीही डेट्रॉइटला अजिंक्यपद मिळाले नाही. आणि एका गुणाचा विजय हा एका गुणाचा पराभव होण्यास वाऱ्याची एक झुळूकही पुरते. दैवाचा वाटा दैवाला दिलाच पाहिजे. परंतु भिंत आधी उभी केल्यावर तिच्यामागे एक नाकारलेला मनुष्यही ताठ उभा राहू शकला, एवढे आपल्या डोळ्यांपुढे आहे.

म्हणीचा निर्णय करावयाचा तर असा करता येईल. गरजवंताला अक्कल नसते असे नाही; तिच्या आसनावर गरज चढून बसलेली असते, आणि अक्कल दाराशी उभी असते. तिला आत घेण्यास द्रव्य लागत नाही, विजय लागत नाही, पहिली निवडही लागत नाही. येणाऱ्यासाठी आपल्या घरात जागा केली आहे काय, एवढे एकदा मागे वळून पाहिले म्हणजे पुरे.