दुसरा पक्षी

मुंडकोपनिषदात एकाच झाडावर दोन पक्षी बसलेत. एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहतो. गळ्यात कॅमेरा अडकवून मावळात हिंडणारे आम्ही हौशी लोक स्वतःला तो दुसरा पक्षी समजतो. मला ते पटत नाही.

पावसाळ्यात लोणावळ्याच्या ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर गातो. लांबून काळाच दिसतो. ऊन पडलं की खांद्यावर निळा चमकतो. त्या निळ्यासाठी काही जण मोबाइलवर त्याचीच शीळ वाजवतात. पक्ष्याला वाटतं, हद्दीत दुसरा नर घुसला; ऐन विणीत घरट्याचं काम टाकून तो भांडायला येतो. फोटो सुरेख येतो. पण साक्षी कुठे उरला? फळ खाल्लंच की!

एकवीरा देवीच्या देवळाच्या पायऱ्यांवर वेगळं घडतं. चैत्री यात्रेत एका कोळी आजींना विचारलं, "आजी, फोटो काढू का?" त्यांनी घाम पुसला, नथ सरळ केली आणि थेट माझ्याकडे पाहिलं. आता पाहिला जात होतो मी. दर्शनाला जातो तेव्हाही आपण हेच मागतो ना, देवीनं आपल्याकडे बघावं?

देवळालगतच कार्ल्याचं चैत्यगृह, सुमारे दोन हजार वर्षांचं. खांबांवर दात्यांची नावं कोरलीत, यवनांची म्हणजे ग्रीकांचीसुद्धा. तृष्णा सोडा सांगणाऱ्या बुद्धाच्या घरीही नाव राहावं ही इच्छा चालली. म्हणून आधी निरिच्छ व्हा, मग कॅमेरा उचला, असं मी म्हणणार नाही. विचारून उचला. कस्तूर चोचीत चारा धरून घरट्याकडे न जाता ताटकळला, की त्याचं उत्तर मला कळतं आणि मी मागे सरतो.