पहिला महिना

जुलै महिना. तास चालू असताना शिपाई नोटीस घेऊन येतो आणि प्राध्यापक ती मोठ्यानं वाचतात, "स्कॉलरशिपचे फॉर्म राहिलेत त्यांनी उभं राहा." पाच-सहा मुलं उभी राहतात आणि सगळा वर्ग माना वळवून बघतो. मुलं खाली बसतात, पण तेवढ्या वेळात कोण कुठला हे वर्गाला कळलेलं असतं. वाचणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. मीही ती नोटीस वर्षानुवर्षं अशीच वाचली.

त्या उभ्या राहिलेल्यांत धडगावकडचा एक मुलगा होता. घरी पावरी, शाळेत मराठी, आणि आता अर्थशास्त्र इंग्रजीतून. शंका विचारायची तर आधी मनात दोनदा भाषांतर करायचं. तोवर तास संपतो. त्याच्या गप्प बसण्याला आम्ही 'बेसिक कच्चं' म्हणून मोकळे होतो. पहिल्या चाचणीत मार्क कमी पडले की शहरातला मुलगा म्हणतो, "पेपर अवघड होता." हा मनाशी म्हणतो, "आपण इथले नव्हेच."

ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी नेमक्या याच समजुतीवर काम केलं. वरच्या वर्गातल्या मुलांनाही सुरुवातीला परकं वाटलं होतं आणि पुढे ते ओसरलं, हे त्यांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वाचायला दिलं आणि त्यावर स्वतःच्या अनुभवातून लिहायला सांगितलं. सगळं मिळून तासाभराचं काम. २०११ साली 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पुढच्या ३ वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढले आणि गोऱ्या विद्यार्थ्यांच्या तुलनेतली तफावत निम्म्यावर आली.

मात्र जिथे मुलाचं आडनाव विचारून अंतर ठेवलं जातं, तिथे 'सगळ्यांनाच असं वाटतं' हा दिलासा खोटा ठरतो. आधी वागणूक बदलावी लागते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत आणि एका पंगतीत जेवत. आज वसतिगृहाची यादी अनेकदा कॉलेज सुरू झाल्यावर लागते आणि तोवर मुलगा गाववाल्याच्या खोलीत पथारी टाकून दिवस काढतो. डोक्यावर छप्पर नसलेल्याला 'हे कॉलेज तुझंच आहे' कुठल्या तोंडानं सांगायचं?

आता ती नोटीस मी वर्गात वाचत नाही. ज्याची त्याला फोनवर कळवतो. शंका पहिल्या दिवसापासून मराठीत विचारायला सांगतो. गेल्या वर्षी तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीला वर्गात बोलवलं. पहिल्या ऑगस्टमध्ये आपण घरी परतायला बॅग भरली होती, हे तिनं सरळ सांगितलं. तास संपल्यावर धडगावचा तो मुलगा दाराशी थांबला आणि तिला म्हणाला, "ताई, मग बॅग परत केव्हा उघडली?"

महिनाभर माझ्या वर्गात बसून त्यानं विचारलेला तो पहिला प्रश्न होता.