कमरेचा रकाना

ये. त्या खुर्चीवर नको, तिच्यावर फायली आहेत. उभाच राहा, तेच बरं.

हा तुझा मास्टर चार्ट आणि हे तुझं मराठी संमतीपत्र. 'शरीररचना व हृदयाची विद्युत्क्रिया'. शरीररचना म्हणजे काय रे? अ‍ॅनॅटॉमी. ती खालच्या मजल्यावर शिकवतात. तुला म्हणायचं होतं शरीराची जडणघडण, म्हणजे अंगात चरबी किती, स्नायू किती, हाडं किती, पाणी किती. मुलांनी सही केली एका गोष्टीसाठी आणि तू मोजलीस तिसरीच, कारण जडणघडण तर तू मोजलेलीच नाहीस. वजनकाट्यावर उभं केलंस, भिंतीला टेकवून उंची घेतलीस, भागाकार केलास आणि त्या बी.एम.आय.च्या रकान्यावर 'चरबी' असं लिहून मोकळा झालास.

काट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळतो का? कोल्हापूरच्या तालमीतला पोरगा घे. उंची १७० सेंटिमीटर, वजन ७५ किलो. बी.एम.आय. जवळजवळ २६. आपण भारतीयांसाठी २५ पासून स्थूल धरतो, म्हणजे तुझ्या हिशेबात पैलवान स्थूल! आणि मेसमध्ये तुझ्या शेजारी बसणारा तो काडीसारखे हातपाय आणि पुढे आलेलं पोट असलेला, तो 'नॉर्मल'. पुण्यात शिकतोस आणि याज्ञिकांचा तो फोटो तुझ्या पाहण्यात नाही? केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा बी.एम.आय. अगदी एकच, २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. 'लॅन्सेट'मध्ये २००४ साली छापून आलंय, एका पानाचं आहे. एक पान वाचायला तुला वेळ नव्हता, पण निष्कर्ष लिहायला चार पानं मिळाली.

स्किनफोल्ड कॅलिपर आपल्या विभागातल्या कपाटात आहे. दंडाच्या पुढे, दंडाच्या मागे, खांद्याच्या पात्याखाली, कमरेच्या हाडावर, अशा चार ठिकाणी चिमटा घ्यायचा असतो. किल्ली मागायला कोणी आलं नाही. टेप तर शिंप्याकडेसुद्धा मिळते. तरी कमरेच्या घेराचा रकाना अर्ध्याहून जास्त कोरा. का? 'मॅडम, मुलं लाजतात.' मुलं लाजत नाहीत, तुला कंटाळा आला.

आता ईसीजी. लिहिलंयस की प्रत्येकाला दहा मिनिटं शांत झोपवून मग पट्टी काढली. शाबास. अरे, पट्टीच्या कोपऱ्यात वेळ छापलेली असते! पहिली पट्टी एक वाजून दहा मिनिटांची, साठावी तीन पन्नासची. एकशे साठ मिनिटांत साठ माणसं. यात दहा दहा मिनिटांची विश्रांती कुठल्या घड्याळात बसवलीस? आणि एक वाजता म्हणजे मेसमधून जेवून, तीन जिने चढून आलेली पोरं. धापा टाकणाऱ्या माणसाला झोपवायचं, चिमटे लावायचे, बटण दाबायचं, पुढचा. टपरीवर चहा गाळतात तसे तू ईसीजी गाळलेस.

एवढ्यावर थांबला असतास तर मी प्रोजेक्ट फेकून दिलं असतं आणि विषय संपला असता. पण तू निकाल वाटत सुटलास. गेल्या गुरुवारी तुझ्याच बॅचमधली एक मुलगी माझ्यासमोर रडत होती. नाव घेत नाही, तुला माहीत आहे. तू तिला सांगितलंस, 'तुझा क्यूटीसी ४६५ आलाय, वजनामुळे आहे, अचानक काहीही होऊ शकतं.' कोण तू? कुठला कार्डिऑलॉजिस्ट? फर्स्ट इयरची परीक्षा अजून व्हायचीय तुझी.

तिची पट्टी माझ्याकडे आहे. बघ. दर मिनिटाला १०० ठोके, क्यूटी ३६० मिलिसेकंद. ४६५ हा आकडा कुठून आला? मशिननं दिला. मशिननं कुठून आणला? बॅझेटच्या सूत्रानं. क्यूटीला दोन ठोक्यांमधल्या अंतराच्या वर्गमुळानं भागायचं, की झाला क्यूटीसी. ते अंतर ०.६ सेकंद, वर्गमूळ ०.७७५, भागाकार ४६५. बॅझेटनं १९२० मध्ये ३९ निरोगी तरुणांवरून हे बसवलं आणि ठोके साठाच्या आसपास असले की ते ठीक चालतं. ठोके वाढले की हे सूत्र क्यूटीसी फुगवतं. त्याच वर्षी फ्रिडेरिशियानं घनमूळ वापरलं. त्यानं कर. कर ना, मी थांबते. किती? ४२७. तीच मुलगी, तीच पट्टी. सूत्र बदललं आणि आजार पळाला!

मी तिला पंधरा मिनिटं झोपवलं, पाणी दिलं, पंखा लावला आणि पुन्हा काढला. ठोके ७६, क्यूटी ३७६. तुझ्या लाडक्या बॅझेटनंसुद्धा ४२३. तुझ्या चार्टमधल्या वजनदार मुलांचे ठोके बघ, बहुतेकांचे जलद. वजन जास्त असलं की विश्रांतीतलेही ठोके थोडे जास्त असतात, त्यात जिना. म्हणजे चरबीनं क्यूटीसी लांबतो, हा तुझा अर्धा 'शोध' बॅझेटच्या वर्गमुळातून निघालाय.

उरलेला अर्धा सांगू? मुलं आणि मुली एका ढिगात टाकून तू रेघ ओढलीस. वयात आल्यावर मुलांचा क्यूटीसी टेस्टोस्टेरॉनमुळे आखूड होतो, म्हणून आपण पुरुषांना ४५० आणि बायकांना ४६० अशी वेगळी मर्यादा लावतो. आणि अंगातली चरबी मुलींमध्ये निसर्गतःच जास्त. मग चरबी खरोखर मोजली असतीस तरी रेघ वर चढलीच असती. तिच्या एका टोकाला मुलगे, दुसऱ्या टोकाला मुली. यात चरबीचा गुण कुठला आणि बाईपणाचा कुठला, हे तुला वेगळं काढता आलं नसतं, कारण तू दोघांना वेगळं ठेवलंच नाहीस. स्टॅटिस्टिक्सच्या सरांना विचारलंस? नाही. सॉफ्टवेअरनं पी व्हॅल्यू दिली, तू हुरळलास.

मान खाली घालू नकोस, ऐक. विषय खोटा नाही, म्हणून तर राग येतो. पोटात चरबी साठली की श्वासाचा पडदा वर सरकतो, हृदय आडवं होतं आणि क्यूआरएसचा अक्ष डावीकडे झुकतो. छातीवर चरबीचा थर असला की विजेची उंची पट्टीवर कमी दिसते. म्हणून सोकोलोव्ह-लायनच्या निकषाचे ३५ मिलिमीटर स्थूल माणसात वाढलेलं हृदय पकडत नाहीत, आणि तुझ्या त्या काटकुळ्या धावपटूच्या पातळ छातीतून नॉर्मल हृदयसुद्धा राक्षसासारखं दिसतं. अठरा क्रमांकावर तू त्याला 'एलव्हीएच' लिहिलंयस. तो रोज दहा किलोमीटर पळतो रे! त्याचे ४८ ठोके तुला आजार वाटले, मला त्याचं कौतुक वाटलं. आणि हृदयाच्या अंगालाच चिकटलेली जी चरबी असते, तिच्या आणि स्नायूच्या मध्ये पडदासुद्धा नसतो, रक्तपुरवठा एकच. तिच्यातून झिरपणारी द्रव्यं थेट कर्णिकेच्या भिंतीत जातात, ठोक्यांची लय बिघडते ती तिथून. इतकं सगळं समोर असताना तू काय मोजलंस? वजन.

पट्टीत दिसतंय, छातीवरचे व्ही-वन, व्ही-टू सगळ्यांनाच वर लागलेत. लुईचा कोन चाचपायचा, त्याला चिकटलेली ती दुसरी बरगडी, तिच्यावरून खाली उतरत चौथ्या फटीत यायचं. हे तुला वायवात पाठ येतं, बोटांना येत नाही. मुलींच्या वेळी तर तू मावशींनाच लावायला सांगितलंस. मावशींनी लावले हे बरंच केलं, पण जागा कुणी दाखवायची?

आता मुद्द्याचं. त्या मुलीनं तुझं ऐकून अकरा दिवस जेवण सोडलं होतं. लिंबूपाणी आणि जिमवाल्याकडची पावडर. तुला १९७७ ची गोष्ट माहीत नसणार. अमेरिकेत 'लिक्विड प्रोटीन'चं खूळ निघालं होतं. कातडी आणि स्नायुबंध शिजवून काढलेलं हलकं प्रथिन, दिवसभर तेवढंच प्यायचं. वजन भराभर उतरलं आणि माणसं अचानक मरू लागली, त्यात बायका जास्त. अशा १७ जणांच्या मृत्यूंचा अभ्यास १९७९ मध्ये 'सर्क्युलेशन'मध्ये आला. ज्यांच्या पट्ट्या हाती लागल्या त्यांत क्यूटी लांबलेला, मग जवनिकेची बेफाम लय. उपासमारीत हृदयाचा स्नायूही झिजतो, पोटॅशियम उतरतं, क्यूटी खराखुरा लांबतो. तिला नसलेला आजार तू सांगितलास आणि तो होईल अशा वाटेवर तिला लावून दिलंस. कळतंय तुला मी काय म्हणतेय?

तिचं पोटॅशियम मी तपासून घेतलं. ठीक आहे. काल माझ्यासमोर दोन पोळ्या खाल्ल्या तिनं. तू आज संध्याकाळी जाऊन तिची माफी मागायचीस, मेसेजवर नाही, समोर. 'गैरसमज झाला' म्हणायचं नाही, 'मी चुकलो' म्हणायचं. बाकीच्या सगळ्यांनाही सांगायचं की माझे आकडे रद्द.

उद्यापासून सकाळी साडेसातला लॅब उघडेन. उपाशीपोटी, लघवी करून, दहा मिनिटं आडवं झाल्यावर. दिवसाला सहा, जास्त नाही. मुलं वेगळी, मुली वेगळ्या, मुलींच्या वेळी मी असेन. कॅलिपरची किल्ली ही घे. हरवलीस तर बघ.

आणि थांब. हा क्रमांक सतरा. उंची १७३, वजन ६३, 'नॉर्मल'. अक्षर तुझं, पट्टीवर आद्याक्षरं तुझी. कमरेचा रकाना कोरा. टेबलावर टेप आहे, शर्ट वर कर.