स्वयंपाकाची पाळी

स्टॉकहोमच्या सोडरमाल्म भागात ‘फेर्डक्नेप्पेन’ ही ४३ बिऱ्हाडांची इमारत १९९३ पासून उभी आहे. मालकी महापालिकेच्या घरबांधणी कंपनीची, राहणारे भाडेकरू; सगळे चाळिशी ओलांडलेले आणि मुलं घरात नसलेले. प्रत्येकाचं घर वेगळं, त्यात स्वतःचं स्वयंपाकघर. शिवाय सगळ्यांचं मिळून एक मोठं स्वयंपाकघर, जेवणघर, वाचनालय, मागाची खोली, सुतारकामाची जागा. ही जागा प्रत्येकाचं घर थोडं लहान ठेवून मिळवलेली आहे.

अशी इमारत बघायला जाणाऱ्या पाहुण्याला सहसा दालनं दाखवतात. त्यानं पाळ्यांचं वेळापत्रकही मागून घ्यावं, असं मला वाटतं. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी एकत्र जेवण असतं. रहिवाशांचे गट पाडलेले आहेत. काही आठवड्यांनी ज्याची त्याची पाळी येते आणि त्या आठवड्यात रांधणं-आवरणं त्या गटाकडे. जेवायला यायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पाळी मात्र चुकत नाही. इथला शेजार या एका नियमावर तोललेला आहे.

याच शहरात १९३५ साली वास्तुकार स्वेन मार्केलियस आणि समाजशास्त्रज्ञ आल्वा मिर्दाल यांच्या विचारांतून दुसरी एक इमारत उभी राहिली होती. नोकरी करणाऱ्या बायकांची चुलीतून सुटका व्हावी म्हणून तळमजल्यावर पगारी माणसं स्वयंपाक करत आणि तो छोट्या लिफ्टमधून घरोघरी वर जाई. मुलांसाठी पाळणाघरही होतं. सोय खरोखर मोलाची होती, पण तिच्यात शेजाऱ्यानं शेजाऱ्यासाठी काही करायची वेळच येत नव्हती. १९७० च्या दशकात स्टॉकहोममधल्या काही स्त्रियांनी हा मुद्दा पुढे नेला: नोकर नकोत, काम आपणच वाटून घेऊ, पुरुषही घेतील. फेर्डक्नेप्पेन याच विचारातून आलं.

हे वाचताना आपल्याला चाळ आठवणार. आठवावी, पण सांभाळून. चाळीतली गॅलरी, नळ, संडास सामाईक होते ते खोली लहान होती म्हणून. कुणी मागून घेतलेलं नव्हतं ते. त्या शेजारधर्माचे कष्ट बहुतेक बायकांनीच उपसले. वरळीच्या बीडीडी चाळींतले लोक १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जात आहेत, घरात स्वतःचा संडास येतो आहे. यावर हळहळणं मला क्रूर वाटतं.

हळहळ वाटते ती नव्या टॉवरांच्या नकाशांबद्दल. त्यांत व्यायामशाळा असते, क्लबहाउस असतं, आणि सगळं चालवायला एजन्सी. मेंटेनन्स भरला की रहिवाशाचं काम संपलं. १९३५ च्या त्या लिफ्टचीच ही पुढची आवृत्ती. पुनर्विकासाला निघालेल्या एखाद्या सोसायटीनं नकाशा पक्का होण्याआधी सर्वसाधारण सभेत एवढं तरी विचारावं: घरटी वीस-पंचवीस चौरस फूट सोडून एक मोठं स्वयंपाकघर बांधायला किती जण तयार आहेत? आणि तयार असलेल्यांपैकी किती पुरुष आठवडाभराची पाळी घेतील? पहिल्या प्रश्नाला हात वर होतीलही. दुसऱ्या प्रश्नाचे हात आधी मोजावेत.