निनावी मताचे कर्तृत्व

मताला कर्ता असतो, सही नसते. 2024 च्या विधानसभा निवडणुकीनंतर सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीत हे निनावीपणच वादाचा विषय झाले. माळशिरस मतदारसंघात उत्तम जानकर विजयी झाले होते. तरीही गावात त्यांना 843 आणि राम सातपुते यांना 1003 मते, हा यंत्राचा निर्वाळा जानकर-समर्थकांनी नाकारला. जागा तर हातची गेली नव्हती. वाद होता तो गावाच्या स्वप्रतिमेचा. 3 डिसेंबरचे मतपत्रिकेवरील प्रतीकात्मक फेरमतदान प्रशासनाने जमावबंदी लावून रोखले. संशय खोडण्याची संधीही त्यासरशी गेली. परंतु ‘आम्ही असे मत दिलेच नाही’ यातील ‘आम्ही’ कोण? गुप्ततेच्या आडोशाने वेगळे मत देणारा शेजारीही त्यात असू शकतो, आणि भावकीच्या डोळ्यांदेखत त्याला पुन्हा रांगेत उभे राहावे लागले असते.