सहा आसनी पाप

आमचा भाचा म्यूनिकला असतो. परवा त्याचा निरोप आला, "मामा, शूटिंग ब्रेक घेतली." मला वाटलं, पोरगं चांगली नोकरी सोडून सिनेमात गेलं. शूटिंग ब्रेक म्हणजे चित्रीकरण थांबवून सगळ्यांनी चहा नि बटाटेवडे खायचे, एवढंच आम्हाला ठाऊक. 'घेतला'च्या जागी 'घेतली' कसं आलं, याचं खापर मी परदेशवासावर फोडलं. मग फोटो आला. लांब नाकाची, मागे छप्पर अलगद उतरत गेलेली एक देखणी मोटार होती ती.

चौकशी केली तेव्हा कळलं, की हे घराणं घोड्यांच्या काळातलं. इंग्लंडात नवख्या घोड्यांना वळण लावण्यासाठी त्यांना एक जड गाडी ओढायला लावत, तिचं नाव ब्रेक. पुढे तिथल्या जमीनदारांनी तिच्यात बंदुका, कुत्री, जेवणाच्या टोपल्या आणि परतताना मेलेले पक्षी भरायला सुरुवात केली, आणि ती झाली शूटिंग ब्रेक. घोडे गेले, इंजिन आलं, पण नाव राहिलं. १९६० नंतरच्या दशकात अ‍ॅस्टन मार्टिनचे मालक डेव्हिड ब्राउन यांनी आपल्या 'डीबी ५' या वेगवान मोटारीची मागची बाजू वाढवून घेतली. कुत्रा आणि पोलोचं सामान मावत नव्हतं म्हणे! तशा आणखी डझनभर गाड्या मग गिऱ्हाइकांसाठीही झाल्या. आमच्या सोसायटीत कुत्र्याला लिफ्टमधून न्यावं की नाही, यावर तीन सभा झाल्या आहेत, आणि निर्णय अजून व्हायचा आहे.

भाचा शुद्ध शाकाहारी. शिकाऱ्याच्या गाडीतून तो बटाटे आणि महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीचं मखर नेतो. तेव्हा त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती माझ्याबद्दल, पण त्याकडे जरा सावकाश येतो.

आपल्याकडचे राजेही मागे नव्हते. कोट्याचे महाराव उमेदसिंह यांनी १९२५ साली रोल्स-रॉइसची न्यू फँटम खास वाघासाठी सजवून घेतली. रात्री जंगल उजळायला मोठाले सर्चलाइट, बंदुका ठेवायची सोय, आणि भरीस भर म्हणून तोफ नि मशीनगन! वाघाकडे काय होतं, तर वाघच.

त्या मानाने आमच्या कोल्हापूरची गाडी साधी. शिकारीसाठी पाळलेल्या चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला बैलगाडीतून माळावर नेत. बैलगाडीच का? तर काळवीट माणसाला बघून पळतं, पण बैलगाडीला बिचकत नाही. शेतावरून गाड्या येतात, जातात, आपल्याला काही करत नाहीत, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. गाडी पुरेशी जवळ गेली, की चित्तेवान टोपी काढायचा. मला रोल्स-रॉइसच्या तोफेपेक्षा ही बैलगाडी जास्त अस्वस्थ करते. तोफ निदान तोफेसारखी दिसते हो.

आता माझं. आमचे एक काका चांद्याकडे लाकडाचे कंत्राटदार होते. त्यांच्याकडे लिलावात घेतलेली जुनी विलीज जीप होती. मे महिन्याच्या सुटीत गेलो, की रात्री जेवणं आटोपल्यावर काका म्हणायचे, "चला रे, हवा खाऊन येऊ." काकांच्या मांडीवर बंदूक, गाडी चालवायला त्यांचा माणूस, मागे आम्ही पोरं. त्या वर्षी मी दहा वर्षांचा होतो आणि बॅटरी धरायचा मान मला मिळाला होता.

वळणावर ससा दिसला. मी उजेड मारला, आणि तो जागच्या जागी थिजला. पळाला असता तर दोन उड्यांत झुडपात होता. कान उभे, डोळे लाल गुंजेसारखे. काका हळूच म्हणाले, "हलवू नकोस." मी हात हलवला नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंनी रस्सा केला. मी दोनदा मागून घेतला, हेही सांगून टाकतो.

त्या जीपमध्ये अपराधी कोण, हा प्रश्न मला बऱ्याच उशिरा पडला. काका म्हणाले असते, ससा आपणहून उभा राहिला. ड्रायव्हर म्हणाला असता, मी नुसती गाडी चालवली. मी म्हणत आलो, मी नुसता उजेड धरला. मागच्या पोरांनी तर हवाच खाल्ली. वाल्या कोळ्याने घरी जाऊन विचारलं, माझ्या पापाचे वाटेकरी होता का, आणि सगळ्यांनी साफ नकार दिला. बिचारा पायी हिंडायचा. त्याच्याकडे जीप असती तर विचारायची वेळच आली नसती. घरच्यांना तो बरोबर घेऊनच गेला असता, आणि मग कुणाचाच वाटा रांजणात खडा टाकण्याइतका भरला नसता.

१९७२चा वन्यजीव कायदा आला तेव्हा त्यातही एक कलम होतं, की चाकाच्या किंवा यंत्राच्या वाहनातून शिकार करू नये. म्हणजे पायी गेलात तर परवाना बघू, गाडीतून मात्र नाही. कायदा लिहिणाऱ्यांपैकी कुणीतरी लहानपणी बॅटरी धरली असणार.

अशाच एका रात्री, १९४७ साली, कोरियाच्या महाराजांच्या मोटारीच्या उजेडात तीन चित्ते सापडले. दोन गोळ्यांत तिन्ही. भारतातले ते जवळजवळ शेवटचे. ही हकिगत मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाकडे छापायला आली, तेव्हा संपादकांना इतकी शिसारी आली, की मजकूर केराच्या टोपलीत टाकावा असं त्यांना आधी वाटलं. तसं त्यांनी लिहूनही टाकलं. १९५२ साली चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. त्या मोटारीत महाराजांखेरीज आणखी कोण होतं, कोण चालवत होतं, हे विचारायचं कुणाला सुचल्याचं दिसत नाही. मला सुचतं.

२०२२च्या सप्टेंबरात नामिबियाहून आठ चित्ते कुनोसाठी आणले, ते ज्या विमानातून, त्याच्या नाकावर वाघाचं तोंड रंगवलेलं होतं. वाहनाला सजवल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही, मग न्यायचं असो की आणायचं.

भाच्याला मी उत्तर पाठवलं, गाडी छान आहे. त्याने लगेच फोन केला. "मामा, या ना इकडे, मागे भरपूर जागा आहे. रात्रीचं जंगलातल्या रस्त्याने फिरवून आणतो."

"दिवे कसे आहेत रे?" मी विचारलं.

"एकदम जबरदस्त! अर्धा रस्ता लख्ख दिसतो."

"मग असं कर," मी म्हटलं, "काही आडवं आलं तर आधी ते विझव."

पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग तो काळजीने म्हणाला, "मामा, मामी आहे का तिथे? जरा द्या."